गाडीचं तोंड

बाबांच्या व्हॅनचं इंजिन डहाणूच्या गॅरेजात पूर्ण खोललं, धुतलं, नवे पिस्टन आणि रिंगा घालून परत बसवलं, आणि त्यानंतर ती व्हॅन बंद पडायला लागली. आधी ती धूर सोडायची, ऑइल प्यायची, चढ आला की रडायची, पण चालायची. आता तिचा आवाज इतका सुरेख झाला होता की बाबा अंगणात उगाच रेस करून शेजाऱ्यांना ऐकवायचे. आणि एवढ्या सुरेख आवाजाची ही बया ऐन हायवेवर गप्प व्हायची.

आम्ही रानशेतचे. बाबांचा धंदा सीट भरून नेण्याचा. घरून निघायचं, चारोटी नाक्यावर माणसं घ्यायची आणि हायवेने तलासरीला सोडायची. मी दुसरीत होते तेव्हापासून ते हेच करतायत. आता मी स्वतः गंजाडच्या शाळेत मास्तरीण आहे, सासर गावातच म्हणून माहेरी रोजची फेरी असते, आणि बाबा सत्तरीला टेकलेत, पण सकाळी त्यांचा हात आधी किल्लीकडे जातो, मग चहाकडे. बाजाराला निघालेल्या बायका, पेशंट, कोंबड्या, भाताची पोती, एकदा तर अख्खं लाकडी कपाट, सगळं त्यांनी वाहिलंय. आपण कोणाला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही, हे ते एवढ्या वेळा सांगतात की शेजारच्या घरातही पाठ आहे. म्हणून ती गाडी अर्ध्या वाटेत थांबायला लागली तेव्हा बाबांना किती लागलं असेल, याचा विचार करा.

तर गाडी गॅरेजातून आली त्या दिवशी आईने ताट सजवलं. नारळ, लिंबू, ओलं कुंकू, अक्षता, गूळ. नवीन गाडीची पूजा करतात तशी नव्या इंजिनाची करायची असं तिने ठरवलं होतं, आणि आईने एकदा ठरवलं की विषय संपला. अडचण एकच होती. आमची व्हॅन पुढून सपाट, तिला बॉनेटच नाही. इंजिन कुठे आहे, असं आईने विचारलं. बाबांनी पुढची सीट उचलून दाखवलं. आई ताट घेऊन दोन पावलं मागे सरकली. ज्याच्यावर दिवसभर माणसं बूड टेकून बसणार तिथे कुंकू लावू का, म्हणे. मुद्दा बरोबर होता.

मग तिने विचारलं की इंजिन आत असू दे, पण त्याला काही तोंड-बिंड आहे का नाही? बाबा त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी तिचा हात धरून तिला गाडीच्या डाव्या बाजूला नेलं आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर बोट ठेवलं.

"हे बघ तोंड. इथूनच पिते ती."

झालं. आईने त्या झाकणावर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं, वर अक्षता चिकटवल्या, आणि शुभ कामाला निघणाऱ्याचं तोंड गोड करतात म्हणून गुळाचा खडा अंगठ्याने नीट दाबून बसवला. आम्ही सगळे हसलो. बाबा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण आईचं हसण्यावारी नसतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा निघाले की ती त्यांच्या हातावर गूळ ठेवायची आणि तेवढाच गूळ गाडीच्या तोंडाला. रोज. गाडीवर मुंग्यांची रांग लागायला लागली. बाबा फडक्याने झटकायचे आणि निघायचे.

चारच दिवसांत बंद पडणं सुरू झालं. चारोटी मागे टाकून महालक्ष्मीच्या देवळाच्या आसपास आलं की गाडी दोन-तीन आचके द्यायची, वेग जायचा, बाबा कशीबशी ती कडेला घ्यायचे आणि इंजिन शांत. स्टार्टर मारला तर नुसती फिरायची, पेटायची नाही. मग दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काहीच झालं नाही अशी चालू. गाडीतल्या बायकांचं पहिल्याच आठवड्यात एकमत झालं की देवीला नमस्कार न करता पुढे जाताय, ती कशी सोडेल? बाबांनी तेही केलं. देवळाशी गाडी उभी करायची, उतरून नमस्कार करून यायचं आणि निघायचं. आणि खरंच, त्या दिवसांत गाडी बरीच नीट गेली. बायका म्हणाल्या, बघितलंत? मग एके दिवशी तीच गाडी नमस्कार करूनसुद्धा पुढे धुंदलवाडीच्या अलीकडे बंद पडली, आणि बायकांनी मान वळवून दुसऱ्या गाड्या शोधायला सुरुवात केली.

गॅरेजवाल्याचं मला कौतुक वाटतं, तो कंटाळला नाही. त्याने कार्बोरेटर काढून धुतला. प्लग बदलले. कॉइल बदलली. वायरी हलवून बघितल्या. तासभर गॅरेजात चालू ठेवली, हूं नाही की चूं नाही. त्याची बोली अर्धी गुजराती. कायपण वांधो नथी, काही बिघाड नाही, असं म्हणून तो गाडी परत द्यायचा आणि बाबा दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीपाशी कडेला उभे. शेवटी एकदा त्याने हात पुसले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की इंजिन घोड्यासारखं आहे, आता जरा काकांकडे बघा. काका चौथ्या गियरमध्ये गाडी हळू करत असतील, गियर उतरवायचं विसरत असतील, पाय क्लचवर नीट पडत नसेल. वय झालं की होतं.

मला असा राग आला की काय सांगू. पण रागाने काही सिद्ध होत नाही, आणि सगळा हिशेब त्याच्या बाजूने होता. मी कधीमधी ती व्हॅन शाळेपर्यंत न्यायचे, तिने एकदाही दगा दिला नाही. माझा दादा बोईसरला कंपनीत आहे, तो रविवारी आला आणि मुद्दाम गाडी घेऊन डहाणूला समुद्रापर्यंत जाऊन आला. वाटेत पेट्रोल भरलं, पोरांना भजी खिलवली, परत आला. झकास चालली. अंगणात उतरताना त्याचा चेहरा मात्र पडला होता, कारण गाडी झकास चालली याचा अर्थ काय ते त्यालाही कळत होतं. बाबांच्याच हातात ती बंद पडत होती.

दादा वाईट नाही. त्याला भीती वाटत होती. हायवेवर ट्रक कसे जातात ते आपण बघतो, त्यात मधल्या लेनमध्ये गाडीने मान टाकली तर? त्याने जेवताना हळूच विषय काढला. एक ड्रायव्हर बघतो, गाडी तो चालवेल, बाबांनी घरी बसायचं, चिकूच्या झाडांकडे बघायचं. बाबा भाकरी मोडत राहिले. नाही म्हणाले नाहीत. तेच मला सहन झालं नाही. जो माणूस भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास बोलतो, तो इथे एक शब्द बोलेना. मी दादाशी भांडले, आई माझ्यावर ओरडली, वहिनी ताटं उचलायला लागली. शेवटी एवढंच ठरलं की आणखी एकदा गाडी बाबांच्या हातून बंद पडली की किल्ली ड्रायव्हरकडे.

त्याच आठवड्यात मी बाबांना पडवीत बघितलं. खाटेवर बसून ते डावा पाय भिंतीला लावून दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते. क्लचसारखा. मी आलेली कळताच पाय खाली घेतला आणि मुंग्या आल्या होत्या म्हणाले. त्यांनी स्वतःच मान्य करून टाकलं होतं. मला आत जाऊन रडू आलं, आणि रडू आलं म्हणून परत राग आला.

मग तलासरीकडचं बारसं आलं. माझ्या मामाच्या मुलाला मुलगा झाला. त्या मामेभावाला सख्खी बहीण नाही, मीच एक आतेबहीण, म्हणजे बाळाची आत्या मी. आत्याने कानात नाव सांगितल्याशिवाय बारसं होत नाही, तेव्हा मला वेळेवर पोचवणं भाग होतं. दादा येऊ शकत नव्हता. त्याने फोनवर मला कामगिरी दिली. पुढे बस, बाबांच्या पायांवर लक्ष ठेव, आणि मला खरं काय ते सांग. त्याने ड्रायव्हरशी बोलून ठेवलं होतं. मी हो म्हटलं. बाबांना यातलं सगळं माहीत होतं. गाडीत बसताना त्यांनी पायजमा मुद्दाम जरा वर खोचला, मला पाय नीट दिसावेत म्हणून.

आई मागे बसली, मांडीवर बाळाची कुंची, बाळंतविडा आणि पूजेचा डबा. निघण्याआधी गाडीचं तोंड गोड करायला ती विसरली नव्हती.

मी अख्खा रस्ता बाबांच्या पायांकडे बघत होते. माझ्या नवऱ्याने मला गाडी शिकवली, पण असं चालवता त्यालाही येत नाही. स्पीड ब्रेकर आला की गियर खाली, क्लच पूर्ण आत, पाय बाजूला. एकही चूक नाही. चारोटीच्या पुलाखालून हायवेला लागलो. महालक्ष्मी जवळ आली आणि बाबांनी पाठ ताठ केली. मी मनातल्या मनात चल गं बाई, चल गं बाई म्हणत होते. तेवढ्यात आचका बसला. मग दुसरा. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, गियर बरोबर होता, क्लचला त्यांनी हातही लावला नव्हता, म्हणजे पाय. आणि गाडी गेली.

कडेला घेऊन बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. आई लगेच डबा घेऊन उतरली, झाकणाला नवा गूळ, नवं कुंकू. परत येऊन बसली. जरा वेळाने गाडी चालू झाली. आई म्हणाली, बघा, माझं ऐकते ती. बाबांनी मात्र दार उघडलं आणि खाली उतरले.

"तू चालव," ते म्हणाले. "तुला बारशाला पोचायचंय."

त्यांचा पाय अगदी बरोबर होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं, हे मी दहादा सांगितलं. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. लेक बापाची बाजू घेणारच, असं त्यांना वाटलं असणार. शेवटी मी स्टिअरिंगवर बसले आणि ते शेजारी, हात मांडीवर, खिडकीबाहेर बघत. गाडी निघाली ती कशी, सुसाट. मला तिचा इतका राग आला! म्हटलं, बाबांच्या हातून बंद पडतेस आणि माझ्यापुढे तोरा दाखवतेस काय.

धुंदलवाडी यायच्या जरा आधी तिने आचका दिला.

मी क्लचपासून पाय लांब ठेवला होता. गियर बरोबर. आणखी एक आचका, मग तिसरा, वेग गेला, मागून ट्रकने असा भोंगा वाजवला की आईने देवाचं नाव घेतलं. मी कशीबशी गाडी कडेच्या मुरमावर घेतली आणि ती मेली. पूर्ण शांत.

बाबांनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघितलं. आधी डोळे मोठे झाले. मग गालावर खळी. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"तुझा पण पाय म्हातारा झाला का गं?"

आणि ते जे हसत सुटले! हायवेच्या कडेला, ट्रक धडाधड जातायत, बारशाला उशीर होतोय, आणि हा माणूस पोट धरून हसतोय. मीही हसायला लागले. आई मागून विचारतेय की गाडी बंद पडली यात दात काढण्यासारखं काय आहे. तिला काय सांगणार? कित्येक आठवड्यांनी माझे बाबा मला परत मिळाले होते. त्या क्षणी ती गाडी कायमची भंगारात गेली असती तरी मला चाललं असतं.

हसू ओसरल्यावर बाबा एकदम कामाला लागले. इतके दिवस गाडी बंद पडली की ते गप्प बसून राहायचे, कारण दोष आपला असं मनात होतं. आता दोष आपला नाही म्हटल्यावर डोकं मोकळं झालं. ते मोठ्याने बोलायला लागले. माणूस चुकत नाही. इंजिन चुकत नाही, ते तर सगळं नवं आहे. मग पेट्रोल पोचत नसेल. टाकीत आहे ना तरी? काट्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी रस्त्याकडेची एक काडी मोडून घेतली, टाकीत बुडवून बघायला. आई गुळाचा डबा घेऊन त्यांच्या आधीच तिथे पोचली होती. तिला बाजूला करून बाबांनी झाकणाला किल्ली लावली. झाकण फिरेना. गूळ वाळून घट्ट झाला होता. जोर लावला तेव्हा ते सुटलं, आणि टाकीने हवा आत ओढली. सूं करून. प्रेशर कुकरची शिट्टी उचलल्यावर वाफ बाहेर येते ना, तेवढा मोठा आवाज, फक्त उलटा, आत जाणारा.

बाबा काडी हातात धरून तसेच उभे. मग किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाले, स्टार्टर मार. मी आत बसून किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला चालू.

दहा मिनिटं थांबावं लागलं नव्हतं. गूळही लावला नव्हता. बाबांनी झाकण उलटंसुलटं केलं, नखाने कुंकू खरवडलं, मग अक्षता, मग गुळाचा थर. आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागून घेतली आणि टोकरत बसले. खाली एक बारीक भोक निघालं. मोहरी जेमतेम जाईल एवढं.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते. भोक बुजलं की हवा येत नाही, टाकी आतून ओढून धरते, आणि इंजिन उपाशी मरतं. जरा वेळ थांबलं की कुठून तरी फटीतून हवा शिरते आणि गाडी परत चालते. मला सगळं एकदम दिसलं. मी शाळेपर्यंतच जात होते, तेवढ्यात हवा संपत नव्हती. गॅरेजात ती नुसती उभी चालू होती, तिथे पेट्रोल जातच किती? दादाने वाटेत पेट्रोल भरलं, म्हणजे झाकण उघडलं. देवळाशी थांबलो की टाकीही दम खात होती. आणि बाबा बिचारे रोज तोंड गोड करून लांबच्या वाटेला लागत होते.

आईचा चेहरा बघण्यासारखा होता. ती म्हणाली, म्हणजे तेलाचा नवा डबा फोडताना दुसरं भोक पाडतो तसं? एकाच भोकाने तेल धड पडत नाही म्हणून? अगदी तसंच, बाबा म्हणाले. आईचा आवाज बदलला.

"मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात हे तोंड आहे."

"तोंडच आहे गं," बाबा म्हणाले. "पण नाकही तेच आहे."

आईला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मीच तुम्हाला घरी बसवत होते की हो, म्हणाली. बाबांनी तिची पिन पुसून तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले की तू रोज न चुकता लावलंस म्हणून तर सापडलं, एखाद-दोन दिवस विसरली असतीस तर गाडी कधी चालली असती, कधी नसती, आणि जन्मभर कळलं नसतं. हे खरं होतं की तिची समजूत काढायला रचलेलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी न विचारता स्टिअरिंगवरून उठले. बाबा बसले. पायजमा त्यांनी खाली सोडला.

धुंदलवाडी गेली. दादाचा फोन आला. आधी विचारलं, बंद पडली का? मी म्हटलं, दोनदा पडली. तिकडून सुस्कारा. मग त्याने विचारलं की तेव्हा चालवत कोण होतं. मी सांगितलं की दुसऱ्यांदा माझ्या हातून बंद पडली, बाबांचे पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि त्या ड्रायव्हरला नाही म्हणून कळव, बाकीचं घरी आल्यावर आईकडून ऐक. दादा म्हणाला, नक्की ना? नक्की, मी म्हटलं.

फोन चालू असताना बाबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. ते गाडी चालवत होते. डावीकडे मामाच्या पाड्याकडे जाणारा रस्ता दिसायला लागला, मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, आणि गाडी त्या वळणावरून सरळ पुढे गेली.

"अहो, वळण गेलं," आई म्हणाली.

बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. तलासरी आली, बाजाराची गर्दी आली, तीही मागे पडली. पुढे रस्ता मोकळा होता आणि गाडी एका सुरात चालली होती.

"अहो, आता गुजरात येईल. तिकडे बारसं खोळंबलंय."

"आत्या आपल्या गाडीत आहे, बारसं कुठे जातंय?" बाबा म्हणाले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "बंद पडत नाहीये गं ती. मला थोडं चालवू दे."

आईने तिच्या बाजूची काच सरकवली आणि वाऱ्याला तोंड देऊन बसली.